संशोधन-पुरस्कार कुणाला? आकडे मोजावेत की निबंध वाचावेत?

समजा, गोव्यातल्या एखाद्या कॉलेजच्या संशोधन-पुरस्कार समितीवर तुमचं नाव लागलंय. समोर दोन अर्ज. एका सरांचे नॅनोकणांवर डझनभर शोधनिबंध. दुसऱ्या मॅडमनी खाजन शेतातल्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीतल्या) खारेपणावर आणि तो सोसणाऱ्या कोरगुट भातावर तीनच लिहिलेत.

सगळ्यात सोपं म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर बघणं. नियतकालिकातल्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांना यंदा सरासरी किती उद्धरणं (इतर निबंधांतले उल्लेख) मिळाली, तो आकडा. पण तो नियतकालिकाचा, माणसाचा नव्हे. बहुतेक उद्धरणं मूठभर लेख खेचून आणतात आणि शेजारचा फुसका लेखही तोच आकडा मिरवतो. नेमणूक-बढतीसाठी हा वापरू नका, असं संशोधनाच्या मूल्यमापनावरचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ पासून सांगतोय. आपल्याकडे अजून विचारतात ते हेच.

एच-इंडेक्स निदान माणसाचा असतो. हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो २००५ मध्ये सुचवला. एच १० म्हणजे किमान दहा-दहा उद्धरणं मिळालेले दहा निबंध. पण तो वयाबरोबर वाढतो, घटत नाही आणि विसाव्या सहलेखकालाही पहिल्याइतकंच श्रेय देतो. गणित आणि वैद्यक यांचे एच शेजारी ठेवणं तर निव्वळ चूक. गूगल स्कॉलर आणि स्कोपस या उद्धरणं मोजणाऱ्या सेवा एकाच माणसाचे वेगळे आकडे दाखवतात, ते वेगळंच.

तिसरा मार्ग वाचण्याचा. प्रत्येकाकडून निवडक तीन निबंध आणि एक पान मागवा: काय सापडलं, तुमचा वाटा कोणता, ते कुणाच्या कामी आलं. आकड्यांनी जाणकारांच्या निर्णयाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये, आणि स्थानिक महत्त्वाचं संशोधन जपावं, हे २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातही आहे. खाजनचं काम इथेच उजेडात येतं. आकड्यांच्या शर्यतीत ते आधीच बाद झालं असतं.

यात वेळ जातो. शिवाय गोवा केवढासा! नाव झाकलं तरी खाजनवर कोण काम करतं हे पहिल्या परिच्छेदात कळतं, आणि कुणी ना कुणी कुणाचा तरी गाईड निघतोच. म्हणून एक परीक्षक कोल्हापूर किंवा मंगळूरचा घ्या आणि निकष अर्ज उघडण्याआधी लिहून काढा.

अर्ज शेकड्यांनी असतील तर आकड्यांचा मोह समजू शकतो. दहा-वीस असतील तर मी वाचायलाच बसेन. अर्जातला ‘एकूण निबंध’ हा रकानाही काढून टाकीन. तो दिसला की डोळे तिथेच जातात.