नॅकचे मूल्यांकन : श्रेणी वाचून थांबू नका, अहवाल वाचा

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच नॅक, ही विद्यापीठ अनुदान आयोगाने 1994 मध्ये स्थापन केलेली बंगळुरूची स्वायत्त संस्था महाविद्यालयांच्या गुणवत्तेची तपासणी करते. तिचे शुल्क महाविद्यालये भरतात, परंतु तिच्या निकालावर विसंबून आयुष्यातील तीन-चार वर्षे पणाला लावतात ते विद्यार्थी. त्यामुळे या सेवेचे परीक्षण त्यांच्या बाजूने व्हायला हवे. परभणी जिल्ह्यात बारावीच्या मुलांना शिकवताना, प्रवेशाच्या दिवसांत पालकांसोबत बसून मी महाविद्यालयांविषयीचे नॅकचे बरेच अहवाल वाचले आहेत. माझा निष्कर्ष असा की प्रवेशद्वारावरच्या फलकावर झळकणारी अक्षरी श्रेणी फार थोडे सांगते आणि कोणीही न उघडणारा अहवाल पुष्कळ सांगतो.

श्रेणी कशी ठरते, हे आधी पाहू. 2017 पासूनच्या पद्धतीत सात निकषांवर मूल्यमापन होते. सुमारे 70 टक्के भार महाविद्यालयाने स्वतः भरलेल्या स्वयंमूल्यनिर्धारण अहवालातील आकडेवारीवर असतो आणि उरलेला आतापर्यंत प्रत्यक्ष भेट देत आलेल्या तज्ज्ञ समितीच्या मतावर. आकड्यांची पडताळणी होते, पण तीही महाविद्यालयानेच अपलोड केलेल्या कागदपत्रांवरून. त्यामुळे ज्या महाविद्यालयाकडे फाइली नीट लावणारे, जिओटॅग (म्हणजे ठिकाणाची नोंद असलेली) छायाचित्रे वेळेवर जमवणारे दोन-तीन मेहनती प्राध्यापक आहेत, ते उत्तम शिकवणाऱ्या पण नोंदी ठेवण्यात कच्च्या असलेल्या शेजाऱ्यापेक्षा सहज पुढे जाते. याखेरीज, श्रेणी साधारणपणे पाच वर्षांसाठी असते आणि तिच्यामागची माहिती त्याआधीच्या पाच वर्षांची असते. म्हणजे मुदत संपत आलेल्या श्रेणीवर भरवसा ठेवणारा पालक काही बाबतींत दहा वर्षांपूर्वीचे महाविद्यालय निवडत असतो. फलकावर श्रेणी असते, वर्ष मात्र क्वचितच असते.

अहवालाची गोष्ट वेगळी आहे. संलग्नित महाविद्यालयांसाठी एकूण 1000 गुणांपैकी 350 गुण अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन या एका निकषाला आहेत, आणि हे मला या रचनेचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते. याच निकषात मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, हा आकडा द्यावा लागतो. मराठवाड्यात तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या भरवशावर विभागच्या विभाग चालतात, हे येथे शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा प्रदेशात त्या एका आकड्याची किंमत सगळ्या श्रेणीहून अधिक आहे. भौतिकशास्त्राला पूर्णवेळ प्राध्यापकच नसेल, तर प्रांगणातील हिरवळ आणि सौरदिवे तो विषय शिकायला आलेल्या मुलीच्या काय कामाचे? समितीच्या अहवालाच्या अखेरीस बलस्थाने, उणिवा, संधी आणि आव्हाने असा भाग असतो व त्यानंतर शिफारशी येतात. भाषा सौजन्याची असते, परंतु ‘रिक्त पदे भरावीत’, ‘प्रयोगशाळा अद्ययावत कराव्यात’ अशी वाक्ये तेथे मिळतात आणि ती स्पष्ट असतात.

मूल्यांकनाचाच एक भाग असलेल्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर कल्पना चांगली आहे. मात्र ते ईमेलवर येते आणि ग्रामीण भागातील पुष्कळ मुले प्रवेश अर्जापुरता उघडलेला ईमेल पुन्हा पाहतही नाहीत.

या सेवेच्या विश्वासार्हतेला मोठा तडा गेला तो फेब्रुवारी 2025 मध्ये, जेव्हा आंध्र प्रदेशातील एका संस्थेच्या मूल्यांकनासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी समितीच्या अध्यक्षासह अनेकांना अटक केली. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या तज्ज्ञांवर यामुळे अन्याय झाला, हे खरे. पण तपासणारा स्वतंत्र आहे की नाही हा प्रश्न विचारणे पालकांचा हक्कच आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींवर आधारित आणि जानेवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांमध्ये अक्षरी श्रेणीऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ अशी सरळ विभागणी आणि त्यापुढे गुणवत्तेचे चढते पाच स्तर आहेत. श्रेणीच्या जाहिरातबाजीला यामुळे आळा बसेल. मला काळजी आहे ती एवढीच, की प्रत्यक्ष भेटी कमी झाल्या तर समितीने लिहिलेल्या त्या चार स्पष्ट वाक्यांनाही आपण मुकू.

आमच्या भागातील एका महाविद्यालयाचे लागोपाठच्या दोन फेऱ्यांचे अहवाल मी शेजारी ठेवून वाचले. शिक्षकांची रिक्त पदे भरण्याची शिफारस दोन्हींत होती, ग्रंथालयाबद्दलचा शेराही जवळजवळ तसाच होता आणि श्रेणी मात्र वाढली होती. मागील शिफारशींचे काय झाले, याचे उत्तर संस्थाचालकांकडून मागणारा कोणीच नसेल, तर ती तपासणी अपुरी राहते. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील दोन्ही विद्यापीठांनी प्रवेशापूर्वी प्रत्येक संलग्नित महाविद्यालयाच्या शिफारशी, त्यांवर झालेली कार्यवाही आणि पूर्णवेळ शिक्षकांची विषयवार संख्या एका पानावर, मराठीत प्रसिद्ध करावी. तोपर्यंत पालकांनी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) विभाग उघडून समितीचा अहवाल आणि सर्वांत अलीकडचा वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल पाहावा, आणि ते तेथे सापडले नाहीत तर प्रवेशशुल्क भरण्याआधी प्राचार्यांकडे मागावेत.