मार्बल रन : काही महिने खेळून झाल्यावर

मार्बल रन म्हणजे प्लास्टिकचे तुकडे जोडून केलेल्या घसरगुंड्यांवरून गोट्या सोडायचा खेळ. त्याच्या खोक्यावर ‘दर वेळी नवा मार्ग!’ असं ठळक छापलंय. बरेच महिने वापरल्यावर मला बोलायचंय ते या दाव्याबद्दलच. बाकी जोडणी सोपी आहे, प्लास्टिक जाड आहे, आणि खडखडाट इतका की दुपारी कुणी झोपलं असेल तर काढूच नका.

सगळ्यात नशिबाचा वाटतो तो वरचा फाटा. पण गोटी एका बाजूने उतरताना मधली पट्टी अशी ढकलून जाते की पुढची गोटी हमखास दुसऱ्या बाजूला. डावी, उजवी, डावी, उजवी. यात नशीब औषधालाही नाही. फक्त दोन गोट्या अगदी पाठोपाठ सोडल्या की घोळ होतो. पट्टी अजून डुलत असतानाच दुसरी गोटी येते, आणि मग ती कुठे जाईल ते सांगता येत नाही.

घसरगुंड्यांवरही सगळं ठरलेलं. भरीव गोटी न घसरता गडगडली तर उतारावर मिळालेल्या ऊर्जेतला 5/7 भाग पुढे धावण्यात आणि 2/7 स्वतःभोवती फिरण्यात जातो. यात वजन कुठेच येत नाही. एकाच आकाराची काचेची आणि स्टीलची गोटी सोबत सोडा, खाली जवळजवळ सोबतच येतात.

पैसे वसूल होतात ते खालच्या खुंट्यांच्या पाटीवर. तिथे गोल गोटी गोल खुंटीवर आपटते, त्यामुळे आधीचा बारीकसा फरक प्रत्येक ठोकरीत वाढत जातो. समजा दर ठोकरीला तो पाचपट होतो. मग चार ठोकरींत 625 पट. सुरुवातीचा 0.1 मिलिमीटरचा फरक सहा सेंटिमीटरच्या वर गेला! इतक्या नेमकेपणाने बोटांनी गोटी सोडणं कुणालाच जमणार नाही. नियम सगळे ठाम, तरी निकाल हाताबाहेर.

अशी पाटी ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांनी 1870 च्या दशकात बनवून घेतली होती. सहा ओळी आणि प्रत्येक खुंटीवर डावी-उजवीची समान शक्यता धरली, तर सात कप्प्यांकडे जाणाऱ्या 64 वाटा 1, 6, 15, 20, 15, 6, 1 अशा वाटल्या जातात. आमच्याकडे कप्प्यांतल्या गोट्यांचा ढीग इतका देखणा कधीच होत नाही. गोटी डावीकडच्या घसरगुंडीवरून वेगात येते, तो वेग पहिल्या एक-दोन खुंट्यांत जिरत नाही, म्हणून ढीग उजवीकडे झुकतो. पाटीच्या तोंडाशी नरसाळं बसवलं आणि गोटी तिथे फिरून संथ पडू लागली, तेव्हा ढीग बराच मधे आला. टेबल किंचित कललेलं असलं तरी ढीग लगेच सरकतो. एका पायाखाली घडी केलेला कागद पुरतो.

महिन्यांनी जाणवलेली तक्रार एकच, सांधे सैल होतात. दोन तुकड्यांत नखाएवढी पायरी पडली की गोटी तिथे उडी मारते आणि कधीकधी थेट जमिनीवर. धूळ ओल्या फडक्याने पुसावी, कोरड्याने पुसलं की प्लास्टिकवर विद्युतभार येऊन ती पुन्हा चिकटते. टवका उडालेली गोटी बाजूला काढा. ती नरसाळ्यात थडथडत फिरते.

घेताना खुंट्यांच्या ओळी मोजून घ्या. तीनच ओळी असतील तर दुसरा संच बघा, आणि तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर गोट्या उंचावर ठेवा.