सोळा वर्षांच्या पोराची शिक्षा ठरवताना: जरब किती, सुधारणा किती

आधी एक केस समोर ठेवू, नाहीतर नुसत्याच गप्पा होतात. सोळा वर्षांचा पोरगा बाइकवर मागे बसलाय, पुढचा दोस्त म्हणतो "ओढ रे, घाबरतोस काय" आणि हा रस्त्यावरच्या बाईच्या हातातला मोबाइल ओढतो. दहा सेकंदांचा मामला. बाई पडते, मनगट मोडतं. आता तुम्ही ठरवायचंय, दोन वर्षं आत टाकायचं की प्रोबेशन (म्हणजे आत न टाकता देखरेखीखाली बाहेर ठेवणं), काउन्सेलिंग, शाळा आणि भरपाई.

जरबवाल्यांचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. "लहान आहे हो तो" एवढं ऐकवून त्या बाईला घरी पाठवलं तर तिच्या बाजूने कोण उरलं? आणि आपल्याला काही होत नाही हे पोरांनाही बरोबर कळतं. पण जरब बसते कशाने इथेच आपला हिशोब चुकतो, कारण यावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच दिसलंय की पकडले जाऊ या खात्रीने जेवढा फरक पडतो तेवढा शिक्षेची वर्षं वाढवून पडत नाही, आणि त्या दहा सेकंदांत पोरगा दोन वर्षं की पाच असं मोजतच नसतो, त्याला दिसतो फक्त पुढे बसलेला दोस्त. २००५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रोपर विरुद्ध सिमन्स केसमध्ये अठराच्या आतल्यांची फाशी बंद केली तेव्हा कारणं साधारण हीच दिली होती, कच्चं वय, सोबत्यांचा दबाव, अजून घडत असलेला स्वभाव.

नुसतं घाबरवूनही बघून झालंय बरं का. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे जेलमध्ये पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम द्यायचे. पुढे अशा कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र तपासल्या तर जेल बघून आलेल्या पोरांनीच न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केलेले निघाले! आत टाकण्याचंही तसंच. शिकागोमध्ये कुठली केस कुठल्या जजकडे जाईल हे बरंचसं योगायोगावर होतं, त्यामुळे कडक आणि सौम्य जजकडे गेलेल्या सारख्याच पोरांची तुलना करता आली, तर आत गेलेल्यांची शाळा जास्त सुटली आणि मोठेपणी जेलमध्येही तेच जास्त दिसले.

मग सुधारणेलाच सगळे मार्क? थांबा. सुधारणेच्या नावाखालीही भयंकर प्रकार झालेत. १९६४ मध्ये अ‍ॅरिझोनात १५ वर्षांच्या एका मुलाला फोनवर अश्लील बोलल्याबद्दल सुधारशाळेत पाठवलं, मुदत २१ वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे जवळपास सहा वर्षं. हाच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने जेल. ही गॉल्ट केस, आणि यातूनच १९६७ मध्ये अशा मुलांना वकिलाचा हक्क मिळाला. दुसरं टोक म्हणजे नावापुरतं प्रोबेशन, महिन्यातून एकदा सही करा आणि जा, यात ना धाक ना मदत.

मला स्वतःला न्यूझीलंडची पद्धत पटते. १९८९ च्या कायद्याने तिथे पोरगा, घरचे आणि यायला तयार असेल तर ज्याचं नुकसान झालं तो माणूस असे एकत्र बसून काय भरून द्यायचं ते ठरवतात. वाटतं तितकं हे सोपं नाही, कारण प्लॅस्टरमधल्या हाताकडे बघत समोर बसणं पोरांना कोर्टात मान खाली घालून उभं राहण्यापेक्षा जड जात असणार.

आत टाकायचं कधी? हत्यार असेल, मारहाण पुन्हा पुन्हा होत असेल, त्याच माणसाला परत धोका असेल तर टाका, पण त्याला जरब म्हणू नका, ते लोकांचं संरक्षण आहे आणि धोका संपला की मुदतही संपायला हवी. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करारही कोठडी हा शेवटचा उपाय आणि तोही कमीत कमी काळासाठी असंच सांगतो. तसंही वयात येताना वाकड्या वाटेने गेलेली बहुतेक पोरं पुढे आपोआप सरळ होतात, हट्टाने त्यातच राहणारी थोडी.

मोबाइलवाल्या पोराचं म्हणाल तर पहिलाच गुन्हा असेल तर मी आत पाठवणार नाही. शेवटची तारीख ठरलेलं प्रोबेशन, शाळा चालू, दवाखान्याच्या खर्चाचा हप्ता त्याच्याच कमाईतून, आणि बाई तयार असेल तर महिन्याच्या आत समोरासमोर बैठक. हे सगळं आठ महिन्यांनी सुरू केलंत तर तोवर तो त्याच दोस्ताच्या मागे बाइकवर बसलेला असेल.