कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस यंत्र: प्रतिपिंडांच्या शुद्धतेची तपासणी करताना आलेला अनुभव

मोनोक्लोनल प्रतिपिंडांची (एकाच पेशीच्या वंशातून तयार केलेल्या, एकसारख्या प्रतिपिंडांची) शुद्धता तपासण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत जेलच्या पट्ट्यांऐवजी हे यंत्र (जेलसारख्या पदार्थाने भरलेल्या बारीक नळीत विद्युतदाबाने प्रथिने आकारानुसार वेगळी करणारे) वापरू लागल्यापासून सर्वांत मोठा फरक जाणवला तो परिमाणात्मक अचूकतेत. रंगवलेल्या पट्टीच्या गडदपणावरून अंदाज बांधण्याऐवजी येथे २२० नॅनोमीटरला थेट अतिनील शोषण मोजले जाते. केवळ ५० मायक्रोमीटर अंतर्व्यासाच्या नळीत उष्णता चटकन बाहेर पडत असल्याने उच्च विद्युतदाब देता येतो आणि विलगीकरण साधारण अर्ध्या तासात पूर्ण होते. क्षपणकारकासह (प्रतिपिंडाच्या साखळ्यांना जोडणारे गंधकाचे बंध तोडणाऱ्या रसायनासह) चाचणी केली असता शर्करा न जडलेली जड साखळी (प्रतिपिंडातील दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी मोठी) मूळ जड साखळीपासून स्पष्ट वेगळी दिसते. जेलवर हे मला कधीच खात्रीने दिसले नव्हते, आणि माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही हे यंत्र घ्यावे.

उणिवाही आहेत. नमुन्यातील क्षारांचे प्रमाण जास्त असल्यास नमुना नळीत नीट शिरत नाही, त्यामुळे आधी बफर (नमुना ज्यात विरघळलेला असतो ते द्रावण) बदलावा लागतो. क्षपण न करता चाचणी घेताना आयोडोअ‍ॅसिटामाइड (मोकळे गंधक-गट बांधून ठेवणारे रसायन) घालण्यात हयगय झाली, तर तापवताना प्रतिपिंडाचे तुकडे होतात आणि ते उत्पादनातील अशुद्धी असल्याचा गैरसमज होतो. आमचा एक संपूर्ण आठवडा यातच गेला. नळीतील जेलसारखा पदार्थ दाट असल्याने नळीची धुलाई मात्र काटेकोरपणे करावी लागते.