एकट्यानेच रेस करायची तर: असेटो कोर्सा की ऑटोमोबिलिस्टा 2?

कॉम्प्युटरवर रेसिंग गेम खेळायला स्टीअरिंग व्हील घेऊन झालं आहे, टेबलाला घट्ट आवळून बसवलं आहे, ब्रेकिंग पॉइंट आणि एपेक्स म्हणजे काय हेही माहीत आहे, पण ऑनलाइन लॉबीत उतरायची इच्छा नाही. अशांसाठी हा आढावा. ऑनलाइन नको असण्याची कारणं ज्याची त्याची. कुणाला रात्री घर झोपल्यावर जेमतेम तासभर मिळतो आणि त्यातही मध्येच उठावं लागतं. कुणाला पहिल्याच वळणावर अनोळखी माणसाने मागून येऊन ठोकणं नको असतं. मला दोन्ही कारणं लागू पडतात. म्हणून सिम (खऱ्या गाडीसारखी चालणारी रेसिंग गेम) निवडताना मी एकच प्रश्न धरून बसलो: समोर माणूस नसताना यातली गोडी टिकते का?

त्या प्रश्नावर घासून पाहिल्यावर माझ्यापुरती दोन नावं उरली, असेटो कोर्सा आणि ऑटोमोबिलिस्टा 2. दोन्ही माझ्या पीसीवर अजून आहेत, दोन्ही चालवतो. पण रेस करायला बसायचं म्हटलं की हात आता एकाकडेच जातो.

बाकीची का गळाली ते आधी उरकतो. वर्गणीवर चालणाऱ्या आयरेसिंगमध्ये 2019 पासून एआयविरुद्ध, म्हणजे संगणक चालवतो त्या गाड्यांविरुद्ध, शर्यत करता येते. पण तीही इंटरनेटशिवाय सुरू होत नाही आणि वर्गणी थांबली की विकत घेतलेल्या गाड्याही गॅरेजात अडकतात. ग्रॅन टुरिस्मो 7 दिसायला आणि चालवायला सुंदर आहे, पण त्यात एकट्याने खेळायचा बहुतेक भाग सर्व्हरशी जोडलेला आहे. मार्च 2022 मध्ये एका अपडेटनंतर ते सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद होते, आणि तेवढा वेळ घरी एकटे बसून खेळणारेही ताटकळले. 'द क्रू' या गेमचं तर 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाल्यावर काहीच उरलं नाही, पैसे मोजलेल्यांनाही ती अधिकृतपणे पुन्हा सुरू करता येत नाही. आमच्या भागात पहिला जोराचा पाऊस झाला की इंटरनेट हमखास जातं, आणि घरात अडकून पडलेल्या त्याच संध्याकाळी व्हील हवंसं वाटतं. तेव्हा एकट्याच्या शर्यतीला कुणाच्या सर्व्हरची परवानगी लागू नये, ही माझी पहिली अट. असेटो कोर्सा आणि ऑटोमोबिलिस्टा 2 दोन्ही स्टीमच्या (पीसीवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) ऑफलाइन मोडमध्ये निमूट चालतात.

असेटो कोर्साच्याच स्टुडिओच्या असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेचा उल्लेख टाळता येणार नाही. लांबची शर्यत अर्ध्यावर सेव्ह करून उठता येणं ही त्यातली सोय इतर सगळ्या सिम्सनी उचलावी अशी आहे. जीटी3 गाड्यांवर (शर्यतीसाठी बदललेल्या स्पोर्ट्स कार) जीव असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, तीच घ्या. मला मात्र एका संध्याकाळी छोटी हॅचबॅक आणि दुसऱ्या संध्याकाळी सत्तरच्या दशकातली फॉर्म्युला गाडी हवी असते, आणि ते तिथे मिळत नाही.

आता मूळ असेटो कोर्सा. इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनीने ती 2014 च्या अखेरीस पूर्ण स्वरूपात आणली, आणि इतक्या वर्षांनंतरही साध्या, कमी ताकदीच्या गाड्यांचा अनुभव मला कुठेच इतका खरा वाटलेला नाही. अबार्थ 500, जुनी माझदा एमएक्स-5, टोयोटा एई86, यांपैकी एक घ्या आणि नॉर्डश्लाइफवर, जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकवर, निघा. पुढच्या टायरवर वजन येतंय, पकड सुटायला लागली आहे, हे व्हीलमधून इतकं स्वच्छ कळतं की डोळ्यांच्या आधी हात सावरतात. ट्रॅक लेझर स्कॅन करून बनवलेला आहे, 20 किलोमीटरहून लांब आहे, आणि त्याचे उंचवटे अंगात मुरायला महिने जातात. फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हीलमधून हाताला जाणवणारी ओढ आणि धक्के, पट्टी आणून कुणी मोजलं तर काय निघेल ते मी सांगू शकत नाही. माझ्या गिअरवाल्या मध्यम व्हीलवर तरी हा फरक पहिल्या लॅपला जाणवतो.

त्यावर मॉड्सचा, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेल्या गाड्या-ट्रॅकचा, महासागर आहे. कंटेंट मॅनेजर हा चाहत्यांनी बनवलेला पर्यायी मेनू टाकला की मूळचा संथ मेनू विसरायला होतो. कस्टम शेडर्स पॅचमुळे मूळ गेममध्ये नसलेली रात्र मिळते. टोकियोचे उन्नत मार्ग रहदारीसकट आहेत, जपानमधले घाट आहेत, आपला नोएडाजवळचा बुद्ध सर्किटसुद्धा हौशी लोकांनी बनवला आहे. त्या ट्रॅकवर 2011 ते 2013 अशी तीनच वर्षं फॉर्म्युला वन झाली, त्यामुळे तो अधिकृतपणे फारशा सिम्समध्ये येण्याची आशा कमीच. इथे तो फुकट मिळतो. किंमतही सेलमध्ये इतकी उतरते की पैशाचा विचारच करावा लागत नाही.

इतकं सगळं असताना माझा कौल तिच्या बाजूने का नाही? कारण एक फोल्डर आहे.

असेटो कोर्साच्या प्रत्येक ट्रॅकच्या फोल्डरमध्ये 'एआय' नावाचा आणखी एक फोल्डर असतो. त्यात पळायच्या रेषेची एक फाइल आणि पिटलेनची (टायर-इंधनासाठी थांबायच्या गल्लीची) एक फाइल असते. संगणकाच्या गाड्या त्या रेषेला धरून चालतात. कुनोसने स्वतः दिलेल्या ट्रॅकवर ही रेषा नीट आखलेली आहे. तिथल्या गाड्या तुमच्याच भौतिकशास्त्राने पळतात, त्यामुळे त्यांचं घसरणं, सावरणंही खरं दिसतं. शेजारी घुसलात तर त्या आपल्या रेषेकडे ओढ घेतात आणि तुमच्या दाराला चिकटतात हे खरं, पण त्याची सवय करून घेता येते. प्रश्न मॉड ट्रॅकचा आहे. एखादा हौशी माणूस ट्रॅक बनवतो तेव्हा त्याचा जीव कर्बमध्ये, झाडांमध्ये, जुन्या पाट्यांमध्ये गुंतलेला असतो. तो स्वतः एक तर घड्याळाशी एकटा झुंजतो, नाहीतर मित्रांबरोबर ऑनलाइन पळतो. एआयच्या रेषेची त्याला गरजच पडत नाही, म्हणून ती शेवटी, घाईने आखली जाते किंवा राहूनच जाते. दोष त्याला कसा द्यायचा? तो हे फुकट करतो, मनापासून करतो. पण भोगावं आपल्याला लागतं.

दृश्य साधारण असं असतं. सुरेख ट्रॅक उतरवला, वीस गाड्या उभ्या केल्या, दिवे विझले. दुसऱ्या वळणावर तीन गाड्या एकाच भिंतीत एकाच जागी जातात. उरलेल्यांपैकी काही सरळ रस्त्यावर विनाकारण ब्रेक मारतात. पिटच्या तोंडाशी गुंता होतो आणि शर्यत तिथेच विरते. याला उपाय आहे: डेव्हलपर ॲप्स चालू करून स्वतः एक स्वच्छ लॅप मारायचा आणि तीच रेषा म्हणून नोंदवायची, मग कुठे ब्रेक लवकर, कुठे उशिरा याच्या सूचना वेगळ्या फाइलमध्ये लिहायच्या. मी ते केलं आहे आणि काही ट्रॅक त्यातून छान उभे राहिले. पण त्यात संध्याकाळ जाते, आणि ती संध्याकाळ मी शर्यतीसाठी राखलेली असते. शिवाय मॉड ट्रॅकसाठीच तर लोक असेटो कोर्सा घ्या म्हणतात, आणि नेमके तेच ट्रॅक एकट्या रेसरच्या हातात अर्धे येतात. हजारोंची यादी माझ्यासारख्यासाठी आटत आटत मूठभर भरवशाच्या नावांवर येते.

ऑटोमोबिलिस्टा 2 इथे पुढे जाते, आणि चकचकीत काही न करता जाते. ब्राझीलच्या रेझा स्टुडिओजने ती 2020 मध्ये आणली, प्रोजेक्ट कार्स 2 मागचं मॅडनेस इंजिन घेऊन. तिच्यात जे ट्रॅक आहेत ते सगळे शर्यतीसकट आहेत. कुठलाही निवडा, कुठलीही गाडी निवडा, ग्रिड (सुरुवातीच्या रांगा) भरा, सुरू करा. दोन मिनिटांत मी पहिल्या वळणात असतो आणि माझ्या डावीकडे एक गाडी खरोखर जागा सोडून चाललेली असते. ती जागा सोडते, ही गोष्ट सांगायला किरकोळ वाटते. पण दोन वळणं शेजारी-शेजारी काढून तिसऱ्याला पुढे जाता येणं, यासाठीच तर मी बसतो.

प्रतिस्पर्ध्यांना स्वभावही देता येतो. एका साध्या एक्सएमएल फाइलमध्ये प्रत्येक चालकाचं शर्यतीतलं कौशल्य, क्वालिफाइंगमधलं कौशल्य, आक्रमकता, बचाव, पावसातली पकड, चुका टाळण्याची क्षमता, गाडीची विश्वासार्हता असे आकडे वेगवेगळे भरता येतात. हौशी लोकांनी जुन्या हंगामांच्या अशा फाइली बनवून ठेवल्या आहेत. मग एखादा गडी क्वालिफाइंगला कायम पुढे आणि शर्यतीत कायम ढेपाळणारा निघतो, आणि चार-पाच शर्यतींनंतर तुम्ही त्याला नावाने ओळखायला लागता. समोर माणूस नसताना गोडी टिकते का, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.

ट्रॅकची निवड हा तिचा दुसरा बालेकिल्ला आहे. साओ पावलोचा इंटरलागोस आजच्या रूपात आहे, तसाच जवळपास 8 किलोमीटरचा जुना, लांबलचक इंटरलागोसही आहे. रिओचा जाकारेपाग्वा आहे, जो 2016 च्या ऑलिम्पिकच्या बांधकामात कायमचा पुसला गेला. बेल्जियमचा 1970 चा स्पा आहे, घरांच्या आणि शेतांच्या कडेने सुसाट जाणारा. असे ट्रॅक असेटो कोर्सातही मॉड म्हणून सापडतात, पण तिथे वीस गाड्या एकमेकींच्या अंगावर न जाता शेवटपर्यंत पोचतील याची खात्री मी देणार नाही. इथे दुपारी सुरू केलेली शर्यत संध्याकाळच्या उन्हात संपते, मध्येच पाऊस येतो, मग गाड्या जिथून जातात तेवढाच पट्टा आधी सुकतो आणि टायर बदलायचे की दोन लॅप थांबायचं याचा खरा पेच पडतो.

तिच्या उणिवा लपवायच्या नाहीत. एआयच्या एकूण कौशल्याचा आकडा 70 ते 120 मध्ये ठेवता येतो, पण एका गाडीला 95 म्हणजे चुरशीची शर्यत तर दुसरीला तोच आकडा म्हणजे सगळे डोळ्यांदेखत पसार. मी प्रत्येक वर्गाचा माझा आकडा वहीत लिहून ठेवला आहे, आणि तुम्हालाही तेच करावं लागेल. एआयच्या गाड्यांचं भौतिकशास्त्र तुमच्यापेक्षा सोपं केलेलं आहे, आणि ते पावसात दिसून येतं: तुम्ही चाचपडत असता आणि त्या निवांत जात असतात. सुरुवातीच्या काळात गाड्या तरंगल्यासारख्या वाटतात अशी तक्रार सर्रास होती. पुढच्या मोठ्या अपडेट्सनी ते बरंच सुधारलं, तरी रस्त्यावरच्या छोट्या गाड्यांचा तो असेटोवाला स्पर्श मला अजून इथे सापडत नाही. परवान्याअभावी मोनॅको इथे अझूर म्हणून येतो आणि सुझुका कन्साई म्हणून, याने मला फरक पडत नाही, काहींना पडतो. स्पा, नुर्बुर्गरिंग, ल मान्स यांचे डीएलसी (गेमला जोडायचे जास्तीचे भाग) वेगळे घ्यावे लागतात आणि सगळं मिळून खर्च असेटोच्या कितीतरी पुढे जातो. चॅम्पियनशिप तुमची तुम्हाला मांडून घ्यावी लागते. कुणी पैसे, करार, टीम असं करिअर उलगडून दाखवावं अशी अपेक्षा असेल तर थोडा हिरमोड होईल.

रॅलीबद्दल एक वाक्य सांगायलाच हवं: प्रतिस्पर्धी मुळात नकोच असतील तर 2004 ची रिचर्ड बर्न्स रॅली, चाहत्यांनी आजवर जिवंत ठेवलेल्या रूपात, या दोघींच्याही आधी पाहा.

मग घ्यायचं काय? संध्याकाळी एकट्याने गाडी चालवायची आहे, घाटातून, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून, घड्याळाशी झुंजत, तर असेटो कोर्साला आजही तोड नाही असं मला वाटतं. पण एकट्याने शर्यत करायची असेल, म्हणजे पुढे एक गाडी, मागे दोन आणि शेवटचे चार लॅप, तर मी ऑटोमोबिलिस्टा 2 कडे झुकेन. तुमची सहनशक्ती माझ्यापेक्षा जास्त असेल, फाइलींमध्ये हात घालायला आवडत असेल, तर तुमचा निकाल वेगळा येऊ शकतो.

ऑटोमोबिलिस्टा 2 घेतलीत तर सगळे डीएलसी एकदम घेऊ नका. मूळ गेममध्येच महिनाभर पुरेल एवढं आहे, आणि सेल येत राहतात. पहिला जास्तीचा खर्च जुन्या स्पासाठी करा. फोर्स फीडबॅक आधी 'डिफॉल्ट प्लस'वर ठेवून पाहा. सुरुवातीला शेव्हेट, गोल अशा कोपा क्लासिक वर्गातल्या जुन्या छोट्या गाड्या घ्या, कारण त्या हळू आहेत आणि त्यांच्यात शेजारी-शेजारी पळायला वेळ मिळतो. कौशल्य 90, आक्रमकता मध्यम, पंधरा-वीस गाड्या, इंटरलागोस, दहा लॅप. ग्रिडवर मधली जागा घ्या. सर्वात पुढे किंवा सर्वात मागे उभं राहिलात तर एआय कसा आहे ते कळणारच नाही.