रेनेसान्स वॅक्स : जुनं लोखंडी हेल्मेट आणि नाशिकचा पावसाळा

जुन्या लष्करी हेल्मेटला गंजापासून जपायला रेनेसान्स वॅक्स हे मेण लावतात. नाशिकच्या हार्डवेअरच्या दुकानांत ते मागितलं तर कार पॉलिश हातात ठेवतात. ते घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच पॉलिशांत बारीक घासणारी पूड असते आणि ऐंशी वर्षांच्या रंगाचा वरचा थर ती पहिल्याच फटक्यात नेते. रेनेसान्स वॅक्स ऑनलाइनच मागवावं लागतं आणि ते महाग आहे. पण 200 मिलीच्या डब्याच्या मोहात पडायचं कारण नाही. एका हेल्मेटच्या बाहेरच्या अंगाला वाटाण्याएवढं मेण पुरतं, त्यामुळे दहा-बारा हेल्मेटं असलेल्या माणसालाही 65 मिलीचा डबा बरीच वर्षं जातो.

1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत हे तयार झालं. खनिज तेलातून मिळणारं मायक्रोक्रिस्टलाइन मेण, सोबत पॉलिथिलीन मेण, आणि दोन्ही मऊ ठेवायला व्हाइट स्पिरिट, म्हणजे रंग पातळ करायचं खनिज द्रावण. मधमाश्यांच्या मेणात मुळातच आम्ल असतं, ते काळाच्या ओघात धातूला त्रास देऊ शकतं; इथे ती भानगड नाही. स्पिरिट काही मिनिटांत उडतं, मागे पातळ पापुद्रा राहतो. त्यावर बोटांचे ठसे उमटत नाहीत, दमट हवा धातूपर्यंत सावकाश पोचते. आणि नको वाटलं तर व्हाइट स्पिरिटनेच ते परत निघतं. जतनाच्या कामात या शेवटच्या गुणाला सगळ्यात जास्त किंमत आहे.

मात्र हे गंजावरचं औषध नाही. जिवंत गंजावर मेण चोपडलं तर आतली ओल आतच कोंडते आणि गणपतीपर्यंत पापुद्र्याखालून नारिंगी ठिपके वर येतात. मग दोष मेणाला दिला जातो. पांढरं सुती फडकं दाबून फिरवा. फडक्यावर नारिंगी पूड आली तर काम बाकी आहे. डाग घट्ट, गडद तपकिरी असेल आणि फडकं स्वच्छ राहिलं, तर त्यावर खुशाल मेण लावा.

देवळाली कॅम्पच्या बाजूच्या भंगारात किंवा गावातल्या वाड्यांच्या माळ्यावर निघतं ते बहुधा ब्रिटिश धाटणीचं, ताटलीसारखं पसरट हेल्मेट. 1915 चं ब्रोडी आणि त्याच वंशातलं दुसऱ्या महायुद्धातलं मार्क टू. ब्रोडीचं पोलाद हॅडफिल्ड नावाच्या प्रकारचं, त्यात मँगनीज 12 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे लोहचुंबक त्याला चिकटत नाही. 1916 पासून बसवलेल्या साध्या पोलादाच्या कडेला मात्र चिकटतं. जुनं म्हणून विकलेल्या ब्रोडीच्या टोपीवर चुंबक टपकन बसला, तर ती नाटक-सिनेमासाठी ठोकलेली नक्कल असण्याची शक्यता दाट, आणि नकलेवर एवढं महाग मेण घालवू नये. मार्क टूमध्ये चुंबक धरणाऱ्या साध्या पोलादाच्या टोप्याही निघाल्या होत्या, तिथे एवढ्यावर निकाल देऊ नका. चुंबक धरत नाही म्हणजे गंज धरत नाही, असंही नाही. मँगनीज पोलाद व्यवस्थित गंजतं. (ब्रोडीने आता शंभरी ओलांडली आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात ते बसतं, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला कुरियरने पाठवायचा विचार सोडून द्या.)

मेण लावायचं ते मेअखेरीस, हवा कोरडी असताना. आधी एक इंची मऊ ब्रशने धूळ झटका, तीही फक्त बाहेरची. आत हात घालण्यापूर्वी मास्क लावा. ब्रोडीच्या काही अस्तरांत ॲसबेस्टॉस सापडलेलं आहे, आणि त्या काळच्या रंगात शिसं असणं नवलाचं नाही. म्हणून आतून कोरडं घासणं नाही आणि पॉलिश पेपर तर कुठेच नाही. बाहेरचा मळ काढायला बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, आणि कापूस पिळून जेमतेम ओला ठेवा. नुसत्या पाण्याच्या दुसऱ्या बोळ्याने पुसून लगेच कोरडं करा. सुटा गंज बांबूच्या काडीने खरवडावा. 0000 नंबरची स्टील वूल (पोलादी तारांचा सगळ्यात बारीक बोळा) हलक्या तेलात बुडवून वापरता येते, पण रंग पूर्ण गेलेल्या उघड्या धातूवरच. ते तेल नंतर टर्पेंटाइनने पुसून काढा, नाहीतर मेण धरणार नाही. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा खनिज टर्पेंटाइनच असतं आणि व्हाइट स्पिरिटच्या जागी चालतं.

आता मेण. जुन्या मलमलच्या फडक्यावर अगदी थोडं घ्या आणि तळहाताएवढा भाग एका वेळी करा. मिनिटभर थांबून दुसऱ्या, कोऱ्या फडक्याने पुसा. जाड एका थरापेक्षा पातळ दोन थर केव्हाही बरे. मध्ये काही तास जाऊ द्या. त्याआधी कडेच्या आतल्या बाजूला नखाएवढ्या जागेवर चाचणी हवीच, कारण व्हाइट स्पिरिटने काही जुने रंग, हाताने रंगवलेली पलटणीची चिन्हं आणि जर्मन हेल्मेटांवरचे डिकॅल (चिकटवलेली छापील चिन्हं) मऊ पडू शकतात. फडक्यावर रंग उतरला तर त्या भागाला हात लावू नका.

या मेणाचं खरं दुखणं खरखरीत रंगावर कळतं. मार्क टूवर चमक घालवण्यासाठी वाळूसारखा खरखरीत रंग असायचा, अमेरिकन एम-वन हेल्मेटच्या रंगात बुचाचा भुगा. त्या खळग्यांत मेण अडकून वाळतं आणि हेल्मेटवर पांढरी भुरी चढल्यासारखी दिसते, द्राक्षावर चढते तशी. घासून ती जात नाही, उलट आणखी आत बसते. उपाय एकच: अस्तर निघत असेल तर काढून ठेवा, हेअर ड्रायरने धातू हाताला कोमट लागेल इतकाच तापवा आणि मऊ ब्रशने मेण पसरवा, पातळ होऊन ते खळग्यांत एकजीव होतं. आधीच पांढरं झालेलं असेल तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या इअर बडने टिपा. शिवाय मॅट रंग मेणाने थोडा गडद होतो, थोडा चमकतोही. फोटो काढून विकणाऱ्याला ही चमक आवडते. जुना सपाट रंग जसाच्या तसा हवा असलेल्याला ती खटकणार. उंची, न हाताळलेल्या खरखरीत रंगाच्या हेल्मेटला आमच्या मते मेण लावूच नये. कोरड्या डब्यात ठेवणं पुरे.

अस्तराला हे मेण नाही. चामडं, ऑइलक्लॉथ, नवार, फेल्ट, काहीच नाही. चामड्याला तेल पाजायचाही मोह नको: काही वर्षांनी ते चिकट आणि काळं होतं. पितळी किंवा तांब्याच्या रिव्हेटभोवती हिरवट मेणासारखं काही जमलेलं दिसतं, ते चामड्यातल्या चरबीने तांब्यावर केलेलं काम. दात कोरायच्या काडीने अलगद उचला. मार्क टूचं अस्तर माथ्यावरच्या एकाच स्क्रूवर असतं. तो अडला असेल तर सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब, रात्रभर थांबा, मग खाचेत नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर. तरी हलला नाही तर तसंच राहू द्या. जर्मन हेल्मेटच्या अस्तराच्या दुमडलेल्या पिना सरळ करायला जाऊ नका, तुटतात.

बाकीचे पर्याय काय लायकीचे? खोबरेल खवट होतं आणि धूळ ओढतं. डब्ल्यूडी-40 पाणी हटवायला ठीक, पण पावसाळाभर टिकणारा थर देत नाही. जवसाचं तेल वाळून पिवळं, कडक होतं आणि मग निघत नाही. हिरड्याचा काढा लावणारेही आहेत. टॅनिक ॲसिडने गंज काळा आणि स्थिर होतो हे खरं, पण काढ्यात टॅनिनखेरीज काय काय येतं याचा भरवसा नाही, आणि रंग शिल्लक असलेल्या हेल्मेटवर तो डाग पाडतो. तांबट लेनमध्ये घागर उजळायला देतात तसं हेल्मेट बफवर (घासून चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर) देणं म्हणजे तर ते संपवणंच.

मेण लावलं तरी ठेवायची जागा चुकली तर सगळं वाया. जुलै-ऑगस्टमध्ये घरातल्या हवेची आर्द्रता सहज 80 टक्क्यांवर जाते. 60 ते 65 च्या पुढे लोखंडाचा गंज वेग धरतो. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा 20 लिटरचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा. नुसत्या धातूच्या टोपीला 400 ग्रॅम जेल चालेल. चामडी अस्तर असेल तर 100 ग्रॅमपासून सुरुवात करून आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांवर राखा; 40 च्या खाली चामडं तडकू लागतं. जेल नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगीचं हिरवं झालं की 110 ते 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागदात आम्ल असतं. डांबरगोळ्याही नकोत.

मेणाचा पुढचा हात दरवर्षी द्यायची गरज नाही. दसऱ्याला डबे उघडाल तेव्हा पांढरं फडकं पुन्हा फिरवा. स्वच्छ निघालं तर हेल्मेट तसंच परत ठेवा. आणि मेणाच्या डब्याचं झाकण दाबून बसलंय का ते दर वेळी बघा. एप्रिलच्या उन्हाळ्यात सैल झाकणातून स्पिरिट उडून जातं आणि मेण खडूसारखं होतं. तसं झालंच तर टाकू नका, व्हाइट स्पिरिटचे चार-पाच थेंब घालून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी काम देतं.