सिंगर ६६ के : जुन्या बाजारातून उचलावं असं मशीन, पण डोळे उघडे ठेवून

निकाल आधी सांगते, फाटे मग फोडते. हाताने चालणारं, सरळ टीप मारणारं, जाड कापडाला न बिचकणारं मशीन हवं असेल आणि हात काळे करायची तयारी असेल, तर सिंगर कंपनीचं जुनं ६६ के शिवणयंत्र दिसेल तिथे उचला. झिगझॅग, काजं, ताणलं जाणारं होजियरी कापड यांतलं काहीही करायचं असेल तर नव्या मशीनच्या दुकानात जा. ‘ह्यात साधं रिव्हर्ससुद्धा नाही हो,’ म्हणून नाक मुरडणारे लोक मला नेहमी भेटतात. नाहीच आहे, टीप उलटी मारता येत नाही. ते माहीत असूनच घ्यायचं.

जुनी शिवणयंत्रं आणायची, पार खोलायची आणि चालू करायची हा माझा छंद. शिवण मात्र मला बेताचंच येतं, त्यामुळे मशीनची परीक्षा घेते आमची वहिनी. ती घरी ब्लाउज, साडीचे फॉल, गोधड्या अशी कामं घेते. मशीन किती जुनं, कुठलं, त्यावरची सोनेरी नक्षी किती शाबूत, याचं तिला शून्य कौतुक. टीप नीट पडली पाहिजे, बास. असा परीक्षक घरात असला की आपल्या छंदाचे लाड होत नाहीत.

हे मशीन पुण्याच्या जुन्या बाजारातलं. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरतो तो. एका ताडपत्रीवर गॅसच्या शेगड्या, पंख्याच्या मोटारी आणि नळाच्या तोट्या यांच्यामध्ये लाकडी पेटीत बसलं होतं. विकणारा म्हणाला, ‘ताई, असली जर्मन माल आहे.’ मी पेटीचं झाकण काढलं. मशीनच्या बैठकीवर उजव्या बाजूला आकडा कोरलेला असतो, तो बोटाने पुसला तर सुरुवातीला इंग्रजी ‘वाय’. म्हणजे जर्मनी नाही, स्कॉटलंड. ग्लासगोजवळ क्लाइडबँक गावात किलबोवी इथे सिंगरचा अवाढव्य कारखाना होता, ६६ के मधला ‘के’ त्या किलबोवीचा. ‘वाय’ची मालिका १९२० आणि ३० च्या दशकांतली. मी काही त्याची चूक काढली नाही. जर्मन म्हटल्यावर त्याला भाव वाढवायचा होता आणि मला पाडायचा होता. साडेचार हजार सांगितले, तीन हजारांवर सौदा झाला. चाक अडकलेलं असल्यामुळेच तो तिथवर उतरला, हे पुढे कामाला येईल म्हणून सांगून ठेवते.

किलबोवीचा तो कारखाना १८८० च्या दशकात उभा राहिला आणि १९८० मध्ये बंद पडला. मार्च १९४१ मध्ये जर्मन विमानांनी क्लाइडबँकवर बाँब टाकले तेव्हा कारखान्याची लाकडाची वखार जळून गेली. कारखाना गेला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजूनही ‘सिंगर’च आहे.

जुन्या सिंगरबद्दल आणखी एक गोष्ट बाजारात कानावर येते, ती ‘लाल पाऱ्या’ची. या मशीनच्या सुईत म्हणे लाल पारा असतो, मोबाइल जवळ नेला की रेंज जाते, आणि अशा मशीनला लाखांनी पैसे मिळतात. २००९ मध्ये सौदी अरेबियात ही अफवा इतकी पसरली की भंगारातल्या मशीनला लोक वेड्यासारखे पैसे मोजायला लागले. निव्वळ थाप आहे. सुई पोलादाची असते आणि डझनाच्या भावाने मिळते. कुणी या कारणाने जास्त किंमत सांगत असेल तर नमस्कार करून पुढे व्हा.

विकत घेताना मी काय बघते? चाक फिरत नसेल तर मला उलट बरं वाटतं. गंजून पार एकजीव झालेलं मशीन फार क्वचित निघतं, बाकी सगळी चिकटलेली असतात आणि चिकटलेलं सुटतं. बघायचं असतं ते काय काय गायब आहे. सुईखालची सरकती पट्टी, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) बसते ती केस, तिला धरून ठेवणारा छोटा आकडा, टेन्शनची, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारी स्प्रिंग, हातदांडा. स्क्रू तर मोजूनच घ्यावेत, कारण सिंगरच्या स्क्रूचे आटे त्यांचे स्वतःचे आहेत, पुण्याची बोहरी आळी पालथी घातलीत तरी तो स्क्रू मिळणार नाही. मिळेल तो दुसऱ्या मेलेल्या मशीनमधूनच. आणि चकचकीत काळा रंग मारून वर नवंकोरं स्टिकर चिकटवलेलं मशीन मी हातातसुद्धा घेत नाही. त्या रंगाखाली तेलाची भोकं बुजलेली असतात. घासलेलं, पिवळट पडलेलं, मूळ रंगातलं मशीन घ्या.

आता चिकटण्याबद्दल. आपल्याकडच्या जुन्या मशीनचा खरा शत्रू गंज नाही, खोबरेल. घरात मशीनचं तेल संपलं की हात जातो तो डोक्याला लावायच्या बाटलीकडे. चार दिवस मशीन मऊ चालतं, मग तेच तेल आत चिकट होत जातं आणि तपकिरी, पारदर्शक, नखाने न निघणारा थर होतो. या मशीनचा वरचा पत्रा काढला तर आतल्या दांड्यांवर, सांध्यांवर, सुईदांड्याच्या खाचेत तोच थर, गुळाच्या पाकासारखा. दुकानात नेलं असतं तर ‘सीझ झालंय, मोटार लावून घ्या’ किंवा ‘नवीन घ्या’ यांतलं एक उत्तर मिळालं असतं.

यावर उपाय दोनच, ऊब आणि सबुरी. केस वाळवायचा ड्रायर एकेका सांध्यावर धरायचा, थर जरा नरम झाला की रॉकेलचे थेंब सोडायचे, चाक हलकं मागे-पुढे करायचं. जोर लावायचा नाही. हलत नाही म्हणून चाकाला पाना लावून हिसडे देणारे लोक पाहिलेत मी, त्यात आतला दांडा वाकतो आणि मग मशीन खरंच भंगारात जातं. रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पुन्हा ऊब. आधी चाक केसभर हलतं, मग बोटभर, आणि मग अचानक सुईदांडा घसरत खाली येतो. रॉकेल हे वंगण नाही, ते फक्त धुऊन काढतं. म्हणून शेवटी सगळं पुसून प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचे दोनच थेंब. खोबरेलाची बाटली त्या दिवशी कपाटात वरच्या फळीवर.

६६ ची बॉबिन वरून टाकायची असते, आडवी. सरकती पट्टी ओढली की समोर दिसते, दोरा किती उरलाय तेही कळतं. उषासारख्या आपल्या घरगुती मशीनवर बॉबिनकेस बाजूने चाचपडत बसवायची ज्यांना सवय आहे त्यांना हे फार सुखाचं वाटेल. तोटा असा की वरून पडणारा सगळा पिंजा थेट त्या खड्ड्यात जातो. या मशीनच्या, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखालून मी जे काढलं त्याला पिंजा म्हणवत नाही, तो दाबून दाबून नमदा झाला होता. त्यात लाल, हिरवे, जरीचे असे धाग्यांचे पदर वेगवेगळे दिसत होते, आणि मधोमध तुटक्या सुईचं टोक. सुईचा दोरा पकडणारं हुक फिरतं तिथे कडेला लाल नमद्याचा एक छोटा तुकडा असतो, तो तेल धरून ठेवतो आणि हुकाला थोडं थोडं पाजतो. साफ करताना कचरा समजून तो उपटू नका. या मशीनचा वाळून पापड झाला होता, मी नवा नमदा कापून बसवला. फिरताना होणारा कोरडा खरखर आवाज तिथेच थांबला.

दोन गोष्टी दुरुस्तीवाल्यांकडूनही सुटतात. एक, चाकाच्या मधल्या गोल फिरकीमागची वॉशर. फिरकी सैल केली की बॉबिन भरताना सुई थांबली पाहिजे. थांबत नसेल तर फिरकी काढायची (तिच्यातला बारीक स्क्रू आधी सैल करून), आतली तीन कानांची वॉशर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायची. ती एकाच बाजूने बरोबर बसते. दुसरी गोष्ट सुईची. आजच्या मशीनवर सुईची चपटी बाजू मागे असते, ६६ वर ती उजवीकडे येते आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा असतो. सुई उलटी बसली की टाकाच पडत नाही आणि लोक म्हणतात टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकाचा मेळ, गेलं. टायमिंग बिचारं जागेवर असतं.

हातदांडा चालवताना ‘खट खट’ वाजत असेल तर घाबरू नका. चाकाच्या आरीत अडकणारं त्याचं बोट असतं, त्यावरचं चामडं झिजलेलं असतं. तुटक्या कोल्हापुरी चपलेचा तुकडा त्याला अगदी मापाचा बसला.

अंगावरच्या सोनेरी नक्षीचं मात्र जपून. ती काळ्या रंगावर चिकटवलेली असते आणि वरून लाखेचा हात दिलेला असतो. स्पिरिट किंवा थिनर लावलंत की लाख विरघळते आणि सोनं बोळ्याला येतं. साबणाच्या पाण्याने ते पांढुरकं पडतं. मशीनचं तेल आणि मऊ सुती चिंधी, एवढंच. पेटीच्या लाकडाला मात्र मी चपडा पॉलिश केलं. वहिनीला तेवढंच आवडलं.

मग तिची परीक्षा. आधी जुन्या नऊवारीचा पदर, एकेरी. टीप सरळ आणि अगदी सारखी, खालून-वरून एकसारखी. मग जीन्सची खालची दुमड, शिवणीवर शिवण येते तिथली जागा, जिथे नवी मशीनं गुरगुरतात. सोळा नंबरची सुई, हाताने एकेक टाका, आरामात पार. शेवटी गोधडी, चार साड्यांचे थर. तिथे तिने कापड दाबून धरणाऱ्या पायाचा दाब वरच्या स्क्रूने थोडा कमी केला, टाका मोठा ठेवला आणि न बोलता एक अख्खी कड घातली. नंतर म्हणाली, ‘काम चांगलं करतंय गं, पण माझा एक हात चाकात अडकतो. ब्लाउजची बाही एका हाताने कशी वळवू?’

तिचं खरं आहे आणि हीच या मशीनची मोठी अडचण. गोल वळणं, बाही, गळा याला दोन्ही हात लागतात. हातमशीनवर ते जमतं, पण वेळ जातो. सरळ कडा, पिशव्या, पडदे, फॉल, अभ्रे, गोधड्या यांना मात्र तोड नाही, आणि वीज गेली तरी फरक पडत नाही. पायमशीनचा बिडाचा स्टँड घरात असेल तर हातदांडा काढून त्यावर बसवता येतं, पट्टा टाकला की दोन्ही हात मोकळे. स्टँडच्या खाचा आणि बिजागऱ्या जुळतात का तेवढं आधी बघा. वजन बरंच आहे, माळ्यावर ठेव-काढ करायचं हे मशीन नव्हे.

खर्चाचं म्हणाल तर मशीनचे तीन हजार, आणि वर तेल, सुया, बॉबिन भरायच्या चाकाचं रबर, नमदा मिळून पाचशेच्या आत. सुया आजच्या घरगुती मशीनच्याच चालतात, दुकानात ‘एचए’ म्हणून मागा. पायही साधे, आजकाल मिळणारे आखूड दांड्याचे बसतात, मी चेनचा पाय लावून पाहिला. अडतं ते बॉबिनशी. ६६ च्या बॉबिनच्या बाजू किंचित फुगीर असतात, आणि दुकानदार खात्रीने चपट्या हातात ठेवतो. ‘सगळ्यांना हीच लागते ताई.’ लागत नाही. चपटी बॉबिन बसते, फिरते, आणि मध्येच दोरा अडवते. जुनी बॉबिन बरोबर नेऊन शेजारी धरून बघा किंवा ‘क्लास ६६’ लिहिलेल्या मागवा.

बाजारात ६६ सोबत हमखास दिसतं ते सिंगर २८, जरा लहान, बंदुकीच्या लांबट गोळीसारख्या शटलचं (खालचा दोरा नेणारी डबी). दिसायला गोड असतं आणि भावही कमी सांगतात. ते घ्यायचं असेल तर आधी पट्टी सरकवून आत शटल आहे का आणि शटलमध्ये लांब काडीसारखी बॉबिन आहे का ते बघा. दोन्ही असतील तर घ्या. नसतील तर विकणारा ‘कुठेही मिळते’ म्हणेल, त्याला सांगा की मिळाली की त्यात घालून ठेव, मी पुढच्या रविवारी येते.